पायमशीन: क्लाइडबँक ते मेढा

जुन्या सिंगर मशीनच्या बैठकीवर, चाकाच्या बाजूला, एक क्रमांक ठोकलेला असतो. तेलाचा काळा थर फडक्याने पुसला की तो दिसतो. सुरुवातीला ‘वाय’ हे एकच इंग्रजी अक्षर असेल, तर ते मशीन १९२१ ते १९३५ या काळात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात घडलेलं. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यात, मेढ्यातल्या एखाद्या माजघरात असा क्रमांक सापडला, की साहजिकच विचारावंसं वाटतं, वेण्णा नदीच्या काठी हे आलं कसं?

त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. बार्थेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि आपलं पोट जाणार या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनीच त्याची यंत्रं फोडून टाकली. १८४६ साली अमेरिकेत इलायस हाव याला पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रात सुईचं नेढं टोकाशी होतं आणि दुसरा दोरा खालून धोट्याने ओवला जाई. धोटा मूळचा मागावरचा, म्हणजे मशीनच्या टिपेचं आजोळ कोष्ट्याच्या घरी. मग १८५१ साली आयझॅक सिंगर आला. त्याने सुई उभी वरखाली चालवली, कापड दाबून धरणारा पाय बसवला आणि हाताने चाक फिरवण्याऐवजी पायाखाली पॅडल दिलं. मला विचाराल तर खरी करामत या पॅडलचीच. दोन्ही हात कापडाला मोकळे झाले.

गांधीजींचा यंत्रांवरचा राग ठाऊकच आहे, पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट गोड आहे, पण ती सिंगरला लागू पडत नाही. हा गृहस्थ मुळात नट. त्याचे संसार अनेक आणि मुलं वीसहून अधिक. यंत्राशी झगडणाऱ्या नवऱ्याचा संसार शिवणकामावर ओढणारी बायको होती ती हावची. गांधीजींच्या मनातला माणूस बरोबर होता, नाव तेवढं चुकलं.

सिंगर कंपनीने १८५६ पासून मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची इथली एजन्सी मुंबईत नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाकडे होती. अडचण उघड होती: धोतर, लुगडं, उपरणं नेसणाऱ्या मुलखात शिवायचं काय? गावगाड्यात शिंपी होता, पण अलुतेदारांत. बलुतेदारांइतकी त्याची रोजची निकड कुणाला नव्हती. खणाची चोळी तर बायका हातानेच शिवत. चोळीची जागा पोलक्याने आणि मग ब्लाउजने घेतली, मुलं शाळेत सदरा-चड्डी घालून जाऊ लागली, तेव्हा कुठे मशीनला घरात काम मिळालं. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, १९०९ नंतर, शिवणाचे वर्ग चालत ते याच काळात. चूल, जातं, मुसळ यांच्यानंतर बाईच्या हाताखाली आलेलं हे पहिलं लोखंडी यंत्र, आणि त्यातून चार पैसे तिच्या हातात पडत होते.

जावळी तालुक्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला: गिरणीत, गोदीत, माथाडीत. ट्रंक, स्टोव्ह, गजराचं घड्याळ ज्या वाटेने गावी आलं, त्याच वाटेने मशीनही आलं. डोकं पोत्यात गुंडाळलेलं आणि स्टँड सुटं करून एसटीच्या टपावर, असं ते मेढ्याच्या स्टँडवर उतरायचं.

पण नुसत्या स्कॉटिश मालावर ही वंशावळ इतकी चालली नसती. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३६ साली पहिलं उषा मशीन काढलं, पुढे लुधियानात कारखाने निघाले, आणि बहुतेकांनी सिंगरचं पंधरा नंबरचं मॉडेलच समोर ठेवलं. म्हणून नव्वद वर्षांच्या पंधरा नंबरमध्ये आज साताऱ्यातून आणलेली बॉबिन बसते, सुईसुद्धा तीच चालते. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून सिंगर आहे. त्या मशीनचं सुटं सामान बनवायचं काम आपल्याकडे चालूच राहिलं. जुनं मशीन बाळगण्यातला मोह मला इथे दिसतो. ते शोभेचं नाही, अजून राबतं आहे.

राबवताना मात्र ते आधी माणसाला शिकवतं. चाक आपल्याकडे फिरायला हवं. पाय चुकला आणि ते उलटं फिरलं, की दोरा तुटलाच किंवा खाली गुंता झालाच. म्हणून नवशिकीला आधी दोरा न ओवता नुसतं पॅडल मारायला लावतात. एकदा पाय बसला, की पोलक्याच्या गळ्याच्या वळणावर एकेक टाका मोजून घालता येतो, आणि मोटरवर इतकी सावकाशी सहज साधत नाही. मेढ्याच्या पावसाळ्यात चामड्याची वादी दमटून सैल पडते, चाकावरून घसरते. मग बोटभर तुकडा कापायचा, टोकं पुन्हा तारेच्या हुकाने जोडायची. वीज गेली तरी काम अडत नाही, आणि कोसळत्या पावसात वीज जातेच.

हल्ली शहरातल्या हॉटेलांत या मशीनचे बिडाचे स्टँड टेबलांखाली दिसतात. पॅडलवर पाय ठेवून लोक कॉफी पितात. डोकं कुठे गेलं ते विचारलं, तर भंगारात. पुष्कळदा कारण एवढंच असतं, की ‘जाम झालं होतं’. जाम होतं ते बहुधा खोबरेलाने. मशीनचं तेल संपलं की फडताळातली बाटली उचलायची ही जुनी खोड. थंडीत ते तेल थिजतं, मग वाळून डिंकासारखं चिकटतं. सगळ्या भोकांतून रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हळूहळू मागेपुढे हलवा, मळ पुसा आणि मग मशीनचंच तेल घाला. गंजून गेलेलं नसेल, तर बहुतेक मशीन दुपारपर्यंत टीप मारायला लागतं.