आकड्यांचा फलक आणि त्याचा कारागीर

घोडागाडीच्या पुढील बाजूस पूर्वी एक आडवी फळी बसविलेली असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. इंग्रजीत तिला डॅशबोर्ड म्हणत. मोटारी आल्या तेव्हा घोडा गेला. फळीचे नाव मात्र राहिले, आणि वेग व तेल दाखविणाऱ्या तबकड्या त्या जागी बसल्या. पुढे संगणकाच्या पडद्यावरील आकड्यांच्या फलकासही तेच नाव मिळाले. आजचा फलक केवळ पाहण्याचा नसतो. एकूण बेरजेवर बोट ठेवले की तिच्यामागची गावे दिसतात, गावावर ठेवले की त्याच्या नोंदी उघडतात. असा फलक सॉफ्टवेअर जाणणाऱ्या कारागिराकडून, म्हणजे डेव्हलपरकडून, करवून घेणे ही आता महानगरांतील कंपन्यांपुरती गोष्ट राहिलेली नाही.

पांढुर्णा आणि सौसर या भागाला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. मालगुजारी १९५१ साली संपली, परंतु पटवाऱ्याचे दप्तर टिकले. त्याच्या नकाशात प्रत्येक शेताला क्रमांक असे. त्या क्रमांकावर बोट ठेवून खसऱ्याचे पान उघडले, की शेत कोणाचे, क्षेत्र किती आणि पीक कोणते, हे कळे. चित्रावरून नोंदीकडे जाण्याची ही वाट विजेच्या पडद्यापूर्वीच तयार झाली होती. तिचे सारे मोल एका गोष्टीवर अवलंबून होते: पटवारी बांधावर जाऊन नोंद करीत असे, की घरी बसून. नकाशा कितीही रेखीव असो, नोंद खोटी असेल तर तो खोट्याचेच सुंदर रूप दाखवी.

हीच कसोटी जगाच्या दुसऱ्या टोकाला, चिली देशात, मोठ्या प्रमाणावर लागली. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने अनेक कारखाने ताब्यात घेतले होते. ते सांभाळावयाचे कसे, या विवंचनेतून फर्नांदो फ्लोरेस या तरुण अधिकाऱ्याने जुलै १९७१ मध्ये स्टॅफर्ड बीअर या इंग्रज तज्ज्ञाला पत्र लिहून पाचारण केले. कारखान्यांच्या आकड्यांतून धोक्याची सूचना काढणाऱ्या आज्ञावलीचे आरंभीचे काम लंडनमधील एका व्यावसायिक संस्थेकडे सोपविण्यात आले. गुई बोन्झीपे या जर्मन रचनाकाराच्या चमूने सांतियागो शहरात एक खोली सिद्ध केली. तीत सात फिरत्या खुर्च्या होत्या, आणि खुर्चीच्या हातावरील कळ दाबली की भिंतीवर तक्ते उमटत. परंतु त्या तक्त्यांपैकी पुष्कळसे हाताने रेखाटलेल्या चित्रांचे होते.

ती खोली नित्याच्या वापरात कधी आलीच नाही. उपयोगी पडले ते कारखान्यांना जोडणारे साधे टेलेक्सचे जाळे. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालमोटारींच्या मालकांनी संप पुकारला, तेव्हा कोठे माल आहे व कोणता रस्ता मोकळा आहे, हे सरकारला त्या जाळ्यातून कळले. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने सारा प्रयोग संपला. पण त्याचा धडा उरला. वेळेवर पोचणारी खरी बातमी हा फलकाचा प्राण होय. चकचकीत खोली हा त्याचा पोशाख.

दुसरा धडा महाराष्ट्रातच मिळाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने एक योजना आली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० खेड्यांसाठी संगणकाची केंद्रे निघाली. शेती, आरोग्य, शिक्षण, बाजारभाव अशी नानाविध माहिती तेथे मिळावी, असा संकल्प होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी तेथील व्यवहार पाहिला, तेव्हा असे आढळले की संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामापुरताच होत आहे. शेतकऱ्याचे प्रश्न मोजके होते: आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, पैसे किती झाले. तेव्हा सात गावांत संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील संदेशांनी तेच काम करून पाहिले गेले, आणि ते झाले. संकल्प करणाऱ्यांनी पुष्कळ दिले. मागणाऱ्याला मात्र थोडेच हवे होते.

आता पुन्हा सातपुड्याच्या पायथ्याशी यावयाचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा हा टापू छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी दप्तरे येतात, नव्या संस्था उभ्या राहतात. उद्या येथील एखाद्या शेतकरी संस्थेने संत्र्याच्या खरेदीचे सॉफ्टवेअर करवून घ्यावयाचे ठरविले आणि नागपूर-पुण्याचा डेव्हलपर नेमला, तर तो काय करील? पडद्यावर ‘सातबारा’ लिहील. सीमेपलीकडे वरूडच्या शेतकऱ्याला तो शब्द आपला वाटेल. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र खसरा आणि बी-१ आहे. तो संत्र्याचे वर्षाचे एकच उत्पादन दाखवील. परंतु बागायतदाराचा आंबिया बहार पावसाळ्यानंतर तोडणीला येतो, तर मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी. दोहोंची बेरीज एका रकान्यात टाकली, की भाव कधी पडला आणि का पडला, हे त्या फलकावरून कोणालाही सांगता येणार नाही. बेरीज बरोबर असूनही फलक निरुपयोगी ठरेल.

यात कारागिराचा दोष थोडा, काम देणाऱ्याचा अधिक. बहार दोन आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. म्हणून करार होण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर उतराव्यात. फलक पाहून कोण कोणता निर्णय घेणार? प्रत्येक आकडा कोण भरणार, केव्हा भरणार, आणि तो चुकला तर दुरुस्त कोण करणार? एका गावाच्या खऱ्या नोंदी घालून केलेला लहान नमुना आधी पाहावा, तो संस्थेच्या हिशेबनिसाला व दोन-चार बागायतदारांना दाखवावा, आणि मगच पुढील रक्कम द्यावी. मूळ आज्ञावली, नोंदी आणि किल्लीशब्द संस्थेच्या ताब्यात असावेत. नाही तर कारागीर गेला की फलकही मुका होतो. शेवटी, बेरजेवरून मूळ नोंदीपर्यंत जाण्याची वाट मोकळी असावी. ती वाट बंद असेल, तर आकड्यावर केवळ विश्वास ठेवावा लागतो. तो तपासता येत नाही.

या शेवटच्या अटीत केवळ सोय नाही, न्यायही आहे. फलकावर दिसणारे हजार क्विंटल हे कोणा एकाचे नसतात. त्यांत दोन एकरांच्या बागवाल्याने गाडीत भरून आणलेला मालही असतो. त्याला आपली नोंद आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत पाहता आली पाहिजे, आणि चुकली असल्यास ‘ही चूक आहे’ असे म्हणता आले पाहिजे. पटवाऱ्याच्या दप्तरात ती सोय त्याला क्वचितच लाभली. नव्या फलकात ती देणे अवघड नाही. चिखल अडविणारी फळी हाकणाऱ्याचे कपडे राखीत होती. तिच्या नावाने चालणारा आजचा फलक रस्ता दाखविण्यासाठी आहे, आणि तो रस्ता अधिकाऱ्याइतकाच बागायतदारालाही दिसला पाहिजे.