पाटे वाढवणे (पिकअप वाहने)

पाटे वाढवणे म्हणजे मालवाहू पिकअप वाहनाच्या मागील चाकांवरील पोलादी पट्ट्यांच्या कमानीत एक किंवा अधिक पट्ट्यांची भर घालून, अथवा मूळच्या पट्ट्या बदलून, त्या कमानीचा ताठपणा वाढवणे होय. ग्रामीण महाराष्ट्रात शेतमाल वाहणाऱ्या गाड्यांवर हे काम सर्रास केले जाते. त्यामुळे भरलेल्या गाडीचा हौदा खाली बसत नाही. मात्र गाडीची अधिकृत भारक्षमता त्याने वाढत नाही. या दोन गोष्टींतील फरक अनेकदा दुर्लक्षिला जातो आणि त्याचा थेट संबंध ब्रेकशी व पर्यायाने अपघातांशी आहे.

नाव

पाठ्यपुस्तकी मराठीत या यंत्रणेला ‘निलंबन प्रणाली’ म्हणतात; गॅरेजमध्ये मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. तेथे एका पट्टीला ‘पाटा’ आणि पाट्यांच्या संपूर्ण जुडग्याला ‘कमान’ किंवा ‘कमान पाटा’ म्हणतात. ‘कमान’ हा शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. वाकवलेले, ताण साठवणारे आणि ताण जाताच पूर्ववत होणारे धनुष्य हेच या भागाचे नेमके वर्णन असल्याने हा रूढ शब्द कोशातील शब्दापेक्षा अधिक अर्थवाही म्हणावा लागेल. घोडागाड्यांसाठी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे एकस्व ओबडाया इलियट याने १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. पुढे मोटारींनी ती रचना उचलली. प्रवासी मोटारींतून ती आता बहुतांशी गेली असली, तरी मालवाहू गाड्यांच्या मागील बाजूस टिकून आहे.

रचना आणि कार्य

कमानीतील सर्वांत लांब पाट्याला ‘मुख्य पाटा’ म्हणतात. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. पुढचे टोक चासीला बुशमधून जोडलेले असते, तर मागचे टोक ‘शॅकल’ नावाच्या हलत्या दुव्याला अडकवलेले असते. भार पडल्यावर कमान सपाट होते, म्हणजेच तिची लांबी वाढते; ती वाढ शॅकल सामावून घेतो. मुख्य पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात. सर्व पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने ओवलेले असून ‘यू-बोल्ट’च्या साहाय्याने ॲक्सलला आवळलेले असतात. अनेक पिकअपमध्ये सर्वांत खाली एक-दोन जाड व जवळजवळ सरळ पाटे असतात. गाडी रिकामी असताना त्यांच्यावर भार येत नाही. भार वाढून वरची कमान खाली आली की ते कामाला लागतात. त्यांना ‘हेल्पर पाटे’ म्हणतात.

पाट्याचा ताठपणा त्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा, कमानीत ८ मिमी जाडीचे सात पाटे आहेत. त्याच जाडीचा आठवा पाटा घातल्यास ताठपणा ढोबळमानाने सातव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे १४ टक्के वाढेल. मात्र ८ मिमीच्या एका पाट्याऐवजी १० मिमीचा पाटा बसवला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांइतका ताठ असतो. येथेच एक फसगत होते. सारखेच वाकवले असता जाड पाट्यात पातळ पाट्यापेक्षा अधिक ताण निर्माण होतो. त्यामुळे पातळ पाट्यांच्या जुडग्यात घातलेला एकुलता जाड पाटाच बहुधा आधी तुटतो, आणि दोष पोलादाला दिला जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वापर

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात या कामाच्या दोन परस्परविरोधी गरजा शेजारी-शेजारी दिसतात. नगर शहरालगतच्या नेप्ती आणि नेवासा तालुक्यातील घोडेगाव येथील बाजारांत कांद्याची मोठी आवक होते व ती बऱ्याच अंशी पिकअपमधून येते. १,७०० किलो वहनक्षमतेच्या गाडीत सुमारे ५० किलोच्या ३४ गोण्या भरल्या की मर्यादा गाठली जाते. भाडे गोणीमागे ठरले, की चालकाला ४५ गोण्यांचा मोह होतो, म्हणजे साडेपाचशे किलो जादा. मूळ कमान अशा वेळी सपाट होते, हौदा टायरला टेकू लागतो आणि गाडी पाट्यांच्या कारागिराकडे जाते.

पश्चिमेकडील अकोले तालुक्यात प्रश्न निराळा आहे. कळसूबाई (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगड व भंडारदरा धरणाच्या परिसरातील रतनवाडी, साम्रद, पाचनई या भागांत पावसाळ्यात दगडगोट्यांचे आणि चिखलाचे रस्ते असतात. तेथे भारापेक्षा चाकाची वर-खाली होण्याची मोकळीक महत्त्वाची ठरते. एक चाक खड्ड्यात व दुसरे खडकावर असताना ताठ कमान वाकत नाही. खड्ड्यातील चाक अधांतरी राहून जागीच फिरते. कांद्याच्या गाडीला केलेली ‘सुधारणा’ येथे बिघाड ठरते. भारतात २०१६ मध्ये आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या चारही चाके ओढणाऱ्या पिकअपनाही मागे पाट्यांचीच कमान आहे. हौशी मालक अशा गाड्यांना दुर्गम वाटांसाठी अधिक उंच, पण लवचीक कमानी आणि लांब पल्ल्याचे शॉकॲब्सॉर्बर (बोलीत ‘शॉकअप’) बसवतात.

कामाचे प्रकार

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बसलेल्या कमानीला पुन्हा बाक देणे. थंड पाट्यावर घण मारून दिलेला बाक काही दिवसांतच उतरतो. भट्टीत लाल करून बाक दिल्यास पाटा त्यानंतर तेलात विझवून पुन्हा मध्यम तापमानाला तापवावा लागतो. हे पाणी चढवणे नीट झाले नाही, तर पाटा एकतर मऊ पडतो किंवा काचेसारखा ठिसूळ होतो. पाट्याला वेल्डिंग करणे किंवा नवे भोक पाडणे सर्वस्वी टाळावे. तडा बहुधा अशाच ठिकाणाहून जातो.

पाटा वाढवताना दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा पाटा घालावा लागतो. जुडग्याची उंची वाढल्याने यू-बोल्टही अधिक लांबीचे व नवे लागतात, कारण एकदा आवळलेले यू-बोल्ट ताणले गेलेले असतात. अलीकडच्या काही गाड्यांत मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे दोन-तीनच पाटे असतात. त्यांना पॅराबोलिक पाटे म्हणतात. हे पाटे टोके व मध्यभाग वगळता एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यात साधा सपाट पाटा घुसवल्यास मूळ रचनाच बिघडते. कमान आणि चासी यांच्यामध्ये रबरी ठोकळे किंवा हवेच्या पिशव्या बसवणे हा आणखी एक पर्याय आहे. हवेच्या पिशवीतील दाब भारानुसार कमी-जास्त करता येतो, त्यामुळे रिकामी गाडी उसळत नाही.

गाडीची मागची बाजू फार उंचावली, तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस जोड थरथरू लागतात व लवकर झिजतात. त्यावर उपाय म्हणून कमान आणि ॲक्सल यांमध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवून कोन दुरुस्त करतात.

ब्रेकवर होणारा परिणाम

अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह चासीवर बसवलेला असतो व एका दांडीने तो ॲक्सलला जोडलेला असतो. हौदा खाली आला की गाडी भरली आहे असे समजून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. हौदा वर असेल तर दाब कमी करतो, जेणेकरून रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन घसरू नयेत. पाटे वाढवल्यावर भरलेल्या गाडीचाही हौदा वरच राहतो. व्हॉल्व्ह फसतो आणि नेमक्या सर्वाधिक भाराच्या वेळी मागचे ब्रेक कमी दाबाने लागतात. थांबण्याचे काम पुढच्या ब्रेकवर पडते. नगर–पाथर्डी मार्गावरील करंजी घाट किंवा पुणे–नाशिक मार्गावरील चंदनापुरी घाट उतरताना भरलेल्या गाडीचे ब्रेक तसेही तापलेले असतात. अशा वेळी ही उणीव जीवघेणी ठरू शकते. पाट्यांचे काम झाल्यावर या दांडीची जुळणी निर्मात्याच्या मापानुसार तपासणे आवश्यक असते. पाटे बसवणारा आणि ब्रेकचे काम करणारा हे वेगवेगळे कारागीर असल्याने ही तपासणी मधल्या मधे राहून जाते.

याउलट, रिकामी गाडी अतिताठ कमानीमुळे खडबडीत रस्त्यावर उसळते, टायरची पकड क्षणोक्षणी सुटते आणि ओल्या वळणावर मागची बाजू भरकटते. क्रेटमधील टोमॅटोलाही याच धक्क्यांचा मार बसतो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात हे तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड केंद्रीय कायद्यात आहे. पाटे कितीही वाढवले तरी प्रमाणपत्रातील एकूण वजन व ॲक्सलवरील कमाल वजन तेच राहते. हे आकडे ॲक्सल, टायर, ब्रेक आणि चासी या सर्वांचा मिळून विचार करून ठरलेले असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांचा समावेश आहे.

देखभाल

नव्या कमानीचे यू-बोल्ट काही दिवस भार वाहिल्यानंतर पुन्हा आवळावे लागतात. ते सैल राहिल्यास पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल जागचा हलून गाडी तिरकी चालू लागते. पाटा बहुतेकदा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटतो, त्यामुळे तडा चिखलाखाली झाकला जातो. तपासणीपूर्वी कमान धुऊन घेणे उपयुक्त असते. बुश झिजल्यास खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येतो. मागची बाजू वर उचलली गेल्याने दिव्यांचा झोतही खाली झुकतो. त्याची जुळणी गाडीत नेहमीचा भार ठेवून करावी लागते.