बुगडीची जागा आणि सुश्रुतांची वात



गेल्या श्रावणात माझी थोरली नात पुण्याहून आली, ती उजवा कान केसांखाली झाकूनच. रात्री डोक्याला तेल लावताना मला दिसलं. कानाच्या वरच्या कडेला नवीन भोक, त्यात चमकी, आणि भोवती लालबुंद सूज. मैत्रिणींबरोबर जाऊन एका दुकानात बंदुकीनं टोचून घेतलं होतं. "आज्जी, आईला सांगू नकोस हं. ही नवीन फॅशन आहे."

मला हसू आलं. नवीन कसली? ती तर बुगडीची जागा! माझ्या आजीच्या कानात तिथंच मोत्यांची बुगडी असायची. पुरुषांची भिकबाळी तरी कुठं असते? कानाच्या वरच्या भागातच.

हसले, आणि मग चूक केली. हळद खोबरेल तेलात कालवून जाडसर लेप लावला. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. वर चमकी फिरवत राहिले, कारण आमच्या लहानपणी तसंच करायचे. चौथ्या दिवशी कानाची वरची कड सुजून पुढं आली, पोरीला ताप भरला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, "हे पिवळं काय आहे?"

त्यांनी समजावलं ते असं. कानाची पाळी मांसल असते, तिथं रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांत भोक भरून येतं. वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे कडक पण लवचिक. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला वरच्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. म्हणून तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं, आणि तिथं पू धरला तर कूर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. बंदुकीचा बोथट खडा दाबून आत जातो, त्यानं कूर्चा चेचली जाते. माझा लेप वाळून कडक झाला होता आणि भोकाचं तोंड बंद झालं होतं, आतला स्राव आतच राहिला. चमकी फिरवल्यानं आत नुकतीच धरलेली नाजूक कातडी रोज फाटत होती.

दहा दिवस औषध चाललं. कान वाचला. सूनबाई मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून मग मी वाचायला बसले. हिशेब चुकला की मूळ वही उघडायची, ही कॉमर्सची सवय. इथली मूळ वही म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्या सूत्रस्थानातला 16वा अध्याय मुख्यतः कानाचा आहे: टोचावं कसं, भोक वाढवावं कसं, फाटलेली पाळी जोडावी कशी.

वाचताना मी दोनदा थांबले. बाळाला मांडीवर घ्यावं, खेळणी दाखवून रमवावं. वैद्यानं डाव्या हातानं कान ओढून धरावा आणि ऊन आरपार दिसतं तिथंच टोचावं. का, तर तिथं शिर नसते. पातळ कानाला सुई, जाड कानाला आरी. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात घालून ती कच्च्या तेलानं भिजवायची. दर तिसऱ्या दिवशी वात बदलून आधीपेक्षा किंचित जाड घालायची.

आणि बिघडलं तर? सुश्रुत कारणं सांगतात: सुई वाकडी किंवा वाईट होती, वात गरजेपेक्षा जाड होती, चुकीच्या जागी टोचलं. सूज आणि वेदना दिसताच वात लगेच काढावी, लेप लावावा, भरून आल्यावरच पुन्हा टोचावं. आमच्या डॉक्टरांनी बंदूक, घट्ट फिरकी आणि कूर्चा हीच तीन नावं घेतली होती! फरक एकच: आज डॉक्टर म्हणतात, पू झाला तर दागिना आपल्या मनानं ओढून काढू नका, भोक मिटून पू आत कोंडतो. आधी दाखवा.

त्या लेपात ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव, तीळ आणि सोबत तूप-मध आहे. मध म्हटल्यावर आपण दचकणारच. पण हा प्रश्न आपल्या लोकांना फार पूर्वीच पडला होता. नवव्या शतकाच्या सुमारास उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, तोही मद्य, मांस, मध वगळून. 1940 साली तो आपल्या सोलापुरातूनच हिंदी अनुवादासह छापला गेला. व्रत सांभाळून औषध होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आता हे पुस्तक दाखवते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वयाचं. सुश्रुत म्हणतात, सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचा. आपण टोचतो बाराव्या दिवशी, बारशाला, पाहुणे जमलेत आणि सोनारही आलाय म्हणून. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी 53 गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. त्यात बारा दिवसांनंतर नामकर्म आहे, पण कर्णवेध अशी वेगळी क्रिया नाही. श्वेतांबरांच्या 'आचारदिनकर'मधल्या 16 संस्कारांत कर्णवेध आहे, पण तो अन्नप्राशनानंतर येतो. म्हणजे बाराव्या दिवसाची गाठ या ग्रंथांनी घातलेली नाही, ती आपल्या सोयीनं पडली असावी.

आता लसीचं कार्ड काढून बघा. धनुर्वाताची लस ज्यात असते ते डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. बाराव्या दिवशी बाळाला त्यातलं काहीच मिळालेलं नसतं. सहाव्या महिन्यात तिन्ही डोस झालेले असतात. सुश्रुतांना लस ठाऊक नव्हती, पण त्यांचा महिना आजच्या कार्डाशी जुळतो.

नाकाचं थोडक्यात सांगते. नथ आपल्याला फार प्राचीन वाटते, पण अजिंठ्याच्या चित्रांत कानात एवढे दागिने असून नाकात काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लेखच लिहिला आहे. साधारण इसवी सन 1000 च्या आधी तिचा पुरावा सापडत नाही. त्यामुळे नाकासाठी सुश्रुतांचा सल्ला शोधत बसू नका. नाक भरायला पाळीपेक्षा जास्त महिने लागतात, काळजी मात्र तीच.

ती काळजी माझ्या वहीत आता अशी आहे. आधी हात साबणानं धुवायचे. गाळून उकळलेलं पाणी आपल्या घरात असतंच, त्यातल्या एका कपाला पाव चमचा मीठ, स्वच्छ कापडानं दिवसातून दोनदा पुसायचं, टिपून कोरडं करायचं. औषधाच्या दुकानातलं सलाईन मिळालं तर आणखी चांगलं. फिरवायचं नाही. खपली नखानं काढायची नाही. फिरकी सैल, सुजेला जागा राहील एवढी. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. केसांचं तेल आणि शाम्पू लांब. हळद आमटीत.

नातीचा कान आता बरा आहे. वरचं भोक मिटलं, बारीक गाठ राहिली आहे. परवा फोनवर विचारत होती, "आज्जी, पणजीची बुगडी कुणाकडं आहे गं?" माझ्याच डब्यात आहे. वर्षभर थांब, मग डॉक्टरांना विचारून सुईनं टोचू, असं सांगितलंय.

आणि पुढच्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंच्या नातीचं बारसं आहे. आमच्या सोनारकाकांना मी फोन करून सांगितलं, "पेढे खायला या, तार घरी ठेवा. तार घेऊन सहाव्या महिन्यात या, सकाळच्या उन्हात."