बेंजो: एका स्वस्त वाद्याची कुळकथा

सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत हलगी-ताशाच्या कडकडाटावर चढून जी धारदार सुरावट ऐकू येते, ती बेंजोची. अरुंद लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं आणि पेटीतून निघून अँप्लिफायरकडे गेलेली एक वायर, एवढाच त्याचा पसारा. कातडं मढवलेल्या अमेरिकन बँजोशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. त्याचं कूळ जपानी आहे.

१९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो या वादकानं दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला बटणं बसवली. परदेश दौऱ्यात पाहिलेल्या टाइपरायटरवरून ही कल्पना त्याला सुचली. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. बटण दाबलं की खालची तार पडद्यावर टेकते, तिची वाजती लांबी कमी होते आणि स्वर चढतो. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. बटणांवर आकडे असल्यामुळे स्वरलिपी न शिकताही गाणं वाजवता येई. वाद्य स्वस्त, शिकायला सोपं आणि काखेत मारून नेण्याजोगं. त्यामुळे ते जपानबाहेरही झपाट्यानं गेलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते हिंदुस्थानात रुजलं आणि बुलबुलतरंग झालं. इथल्या कारागिरांनी त्याला षड्ज-पंचमाच्या साथीच्या तारा जोडल्या, म्हणजे तंबोऱ्याचं काम त्याच पेटीत आलं. बलुचिस्तानात त्याची पेटी मोठी झाली आणि ‘बेंजू’ या नावानं ते तिथल्या लोकसंगीताचं मानाचं वाद्य ठरलं. महाराष्ट्रात मात्र त्याला बैठकीत जागा मिळाली नाही. पडदे कायमचे ठोकलेले, मींड घ्यायची सोय नाही. शास्त्रीय गवयानं त्याला जवळ करावं असं त्यात काही नव्हतं. रस्त्यावर हाच उणेपणा आड येत नाही. लोकांच्या कानात बसलेली चाल नेमकी आणि खणखणीत उमटली की काम झालं. शिवाय बेंजोला शब्द लागत नाहीत. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच पेठेत बोलल्या जाणाऱ्या सोलापूरसारख्या गावात ही मोठीच सोय.

अडचण होती ती आवाजाची. मूळ बुलबुलतरंग खोलीपुरतं वाद्य; हलगीच्या दहा पावलांवर ते ऐकूही येणार नाही. त्यावरचा उपाय विजेच्या गिटारवरून आला. तारेखाली लोहचुंबक ठेवून त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळलं, तर पोलादी तारेच्या कंपनानं वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं. जॉर्ज बोशां या अमेरिकन वादकानं १९३१ मध्ये ते गिटारला लावलं. वेटोळ्याची तार केसाइतकी बारीक, वेढे हजारोंच्या घरात. यंत्रमागांच्या मोटारी सतत भरून घ्याव्या लागणाऱ्या सोलापुरात गुंडाळणीची ही विद्या अगदीच परकी नव्हे, फक्त इथं हात फार हलका लागतो.

चुंबक आणि वेटोळ्याचा हा पिकअप बसवला की वाद्याचे नियम बदलतात, आणि खरी कारागिरी तिथून सुरू होते. पितळी तार कानाला वाजते, पण चुंबकीय पिकअपला ती ऐकूच येत नाही. म्हणून तारा पोलादी लागतात. पोकळ पेटी कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा उचलते आणि शिट्टी सुरू होते. पेटीची पोकळी भरून काढणं किंवा वाद्य भरीव लाकडात करणं हा त्यावरचा इलाज. वायरिंग उघडं राहिलं तर जनरेटरची गुणगुण सुरांत मिसळते; आतून पातळ पत्रा लावून त्याला अर्थिंग दिलं की ती बरीचशी जाते. पिकअप तारेच्या जवळ सरकवला तर आवाज वाढतो, पण फार जवळ गेला की चुंबकाच्या ओढीनं तारच बेसूर होते. हे अंतर स्क्रू पिळत कानानंच ठरवायचं असतं.

पिकअपनंतरची साखळी ॲनलॉग सिंथेसायझरच्या साखळीशी बरीच मिळतीजुळती आहे. रॉबर्ट मूगनं १९६४ मध्ये घडवलेल्या यंत्रात आवाजाचं व्होल्टेज ऑसिलेटर तयार करतो, बेंजोत ते तार तयार करते. पुढे दोन्हीकडे आवाज वाढवणं, फिल्टरनं घासूनपुसून घेणं आणि त्याला घुमारा देणं हेच चालतं. मुंबईत चरणजित सिंग या वादकानं १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या अशाच आयात यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. तसली यंत्रं वरातीत वाजवणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. त्याला पुढे हाताशी आला तो स्वस्त इको-बोर्ड. अशा बोर्डांत सर्रास आढळणारी पीटी २३९९ ही चिप मुळात कराओकेसाठी बनलेली. तिच्या सहाव्या पायाला जोडलेला रेझिस्टर बदलला की प्रतिध्वनी लांबतो किंवा आखडतो. फार लांबवला तर खरखर वाढते, आणि ती खरखरही काहींना आवडते.

१९८० च्या दशकात कॅसिओचे कीबोर्ड आणि रोलंडचा ऑक्टोपॅड बाजारात आले आणि यथावकाश बेंजो पार्टीच्या, म्हणजे बेंजो वाजवणाऱ्या पथकाच्या, गाड्यावरही चढले. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाचा नायक मुंबईतला असाच रस्त्यावरचा वादक आहे. त्यानंतरच्या काळात डीजेनं पार्ट्यांची बरीच कामं खाल्ली. तरी कीबोर्डला बेंजोची जागा पुरती घेता आलेली नाही, आणि त्याचं एक कारण तांत्रिक आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी प्रमाणात १२८ आवाजांची यादी आहे. तिच्यात १०६ व्या क्रमांकावर अमेरिकन बँजो आहे, १०८ व्या क्रमांकावर जपानी कोतो आहे. वरातीतला बेंजो नाही. कीबोर्डवर तो हवा असेल, तर खऱ्या बेंजोचे सूर रेकॉर्ड करून सॅम्पल म्हणून भरावे लागतात.