'ढ'ची बातमी कोण लिहिणार?

 

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे 'ढ' म्हणतात. का म्हणतात, याची एक गोष्ट मास्तर लोक सांगत आलेत. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येता येता जवळपास सगळ्या अक्षरांची वळणं बदलली, एकटा 'ढ' मात्र होता तसाच राहिला. इतक्या शतकांत काही शिकला नाही, म्हणून जो शिकत नाही तो 'ढ'. आपण सगळेच यावर कधी ना कधी हसलोय. आमच्या तुंगार्लीहून दहाएक किलोमीटरवर कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात, पोरं ती अक्षरं बघतात. दगडावरच्या अक्षराला कुणी 'ढ' म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही. बाकावर बसलेल्या पोराचं मात्र खूप बिघडतं.

आज हे सांगायचं कारण वेगळं आहे. ६ जानेवारी जवळ आलीय. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. त्या निमित्तानं आपल्याकडच्या एका शाळेनं विद्यार्थी पत्रकारिता स्पर्धा ठेवलीय आणि परीक्षक म्हणून मला बोलावलंय. विषय आहे 'अध्ययन अक्षमता'. हा विषय निवडल्याबद्दल शिक्षकांचं मनापासून कौतुक. पण नियमांचा कागद वाचला आणि अडखळलो. बातमी स्वतःच्या हस्ताक्षरात, ठरलेल्या वेळेत, वर्गात बसून लिहायची. सुवाच्य अक्षराला वेगळे गुण, शुद्धलेखनाला वेगळे गुण. म्हणजे ज्या मुलांवर बातमी लिहायची, तीच मुलं पहिल्या फेरीत बाद!

यात एकट्या शाळेचा दोष नाही. अक्षर आणि शुद्धलेखन म्हणजेच हुशारी, हा समज फार जुना आहे. त्याला धक्के कसे बसत गेले, ते बघण्यासारखं आहे.

रुडॉल्फ बर्लिन हे जर्मनीत स्टुटगार्टचे डोळ्यांचे डॉक्टर. 'डिस्लेक्सिया' हा शब्द त्यांनी १८८७ मध्ये वापरात आणला. पण तो मोठ्या माणसांसाठी होता, मेंदूच्या आजारानं ज्यांचं येत असलेलं वाचन गेलं त्यांच्यासाठी. लहान मुलाची पहिली नोंद आली ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं ती लिहिली. मुलगा १४ वर्षांचा, नाव पर्सी. खेळात तरबेज, बोलण्यात चुणचुणीत. पण सात वर्षं शिकवूनही वाचता येईना. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. आता गंमत बघा. याच मुलानं ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटकन आणि अचूक केला. (उत्तर ६,४९,३८३. मी कॅल्क्युलेटर घेतला.) त्याच्या मास्तरांचं म्हणणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाला जे दिसलं, ते आजही प्रगतीपुस्तकावर 'हुशार आहे पण आळशी आहे' असा शेरा लिहिणाऱ्यांना दिसत नाही.

अध्ययन अक्षमतेत डोळे ठीक असतात, कान ठीक असतात, बुद्धीही ठीक असते. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं मेंदूला जड जातं. वाचताना अडचण येते ती डिस्लेक्सिया, लिहिताना येते ती डिसग्राफिया, आकड्यांशी येते ती डिसकॅल्क्युलिया. मराठीत अशी मुलं 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत गोंधळतात, काना-मात्रा गाळतात, जोडाक्षर आलं की थांबतात. शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण जगभरात ५ ते १५ टक्के धरलं जातं. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोन ते सहा मुलं.

'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द १९६३ मध्ये शिकागोत सॅम्युअल कर्क यांनी पुढे आणला. कुठे, तर पालकांच्या परिषदेत. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही या विषयाला पालकांनीच रेटा दिला. महाराष्ट्र सरकारनं या मुलांना परीक्षेत अधिकृत सवलती द्यायला सुरुवात केली १९९६ मध्ये. पर्सीच्या नोंदीनंतर बरोबर शंभर वर्षांनी! तरी देशात आपलं राज्य यात पुढे होतं. त्याच सुमारास मुंबईत पालकांच्या पुढाकारानं महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. महापालिकेच्या सायन रुग्णालयातल्या क्लिनिकमध्ये मुलांची तपासणी होऊ लागली, प्रमाणपत्रं मिळू लागली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित अशा सवलती लागू झाल्या.

पण या सवलती पोचल्या कुणापर्यंत? बहुतेक मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांपर्यंत. कारण तपासणीच्या प्रमाणित चाचण्याच इंग्रजीत होत्या. मराठी शाळेतल्या पोराला मराठी वाचता येतं की नाही, हे मोजायचं साधनच नाही, मग प्रमाणपत्र कुठून येणार? हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'डाली' नावाची चाचणी तयार केली. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत ती आली, तेव्हा २०१५ उजाडलं होतं. मधल्या जवळपास वीस वर्षांत मराठी शाळांमधली किती पोरं 'ढ' म्हणून दहावीआधीच शाळा सोडून गेली, याचा हिशेब कुणी मागितला नाही. आम्ही पत्रकारांनीही नाही.

सर्वसामान्य घरात हा विषय गेला सिनेमामुळे. 'तारे जमीन पर' २१ डिसेंबर २००७ ला लागला. लेखन अमोल गुप्ते यांचं, बोर्डिंग शाळेचं चित्रीकरण पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमधलं. डिस्लेक्सिया हा शब्द त्यानंतर लोकांच्या तोंडी बसला. पण कायद्यात यायला आणखी नऊ वर्षं लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेनं दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मंजूर केला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात ही अक्षमता आली. अशा मुलांना लवकरात लवकर ओळखून त्यांना झेपेल अशा पद्धतीनं शिकवायचं, ही जबाबदारी कलम १६ नुसार शाळांवर आली. कलम १७ तर आणखी स्पष्ट आहे: शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं.

या काळात वर्तमानपत्रांनी काय केलं? हा विषय आमच्याकडे ठरलेल्या वेळी येतो. एक, दहावीचा निकाल लागतो तेव्हा. 'डिस्लेक्सियावर मात करत मिळवले घवघवीत यश' हा मथळा जणू साच्यात तयार असतो. दोन, सवलतींच्या गैरवापराची तक्रार येते तेव्हा. पहिल्या बातमीतलं मूल शूरवीर, दुसऱ्या बातमीतलं लबाड. या दोघांच्या मधे बसलेलं, रोज वर्गात 'उभा राहा आणि वाच' ऐकून पोटात गोळा येणारं साधं मूल बातमीत येतच नाही. आणि 'मात' हा शब्दही चुकीचा आहे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्यानं नजरेवर मात केली, असं आपण म्हणतो का?

म्हणून विद्यार्थी पत्रकारांनी हा विषय हाती घेणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे शाळकरी पत्रकारितेची परंपरा मोठी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. शाळाशाळांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं हे याच वाटेवरचं काम. पण भित्तिपत्रकावर कुणाचं लिखाण लागतं? ज्याचं अक्षर मोत्यासारखं त्याचं. ज्याचं अक्षर गिचमीड, तो खळ आणि टाचण्या आणायला. त्याला काय सांगायचं होतं, ते कुणी विचारत नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. बोरघाटात रात्री अपघात झाला की आम्ही बूथवरून पुण्याच्या ऑफिसला फोन लावायचो आणि बातमी तोंडी सांगायचो. डेस्कवरचा माणूस ती उतरवून घ्यायचा, उपसंपादक मथळा द्यायचा, मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा. दुसऱ्या दिवशी बातमी छापून यायची आणि ती माझीच बातमी असायची. मला 'लेखनिक' मिळाला, मला 'सवलत' मिळाली, असं कुणी म्हटलं नाही. कारण घाटात मी गेलो होतो, गाडी कुठून घसरली ते मी बघितलं होतं, जखमींच्या नातेवाईकांशी मी बोललो होतो. पत्रकाराचं काम ते. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र हीच सोय मुलाला दिली, की लोक नाक मुरडतात.

आणि मावळात तर तोंडी सांगण्याची किंमत कळायला लांब जायला नको. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणींना सही करता येत होती? पण जात्यावर बसून त्यांनी घरातलं, शेतातलं, सासर-माहेरचं सगळं ओव्यांत सांगून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. या बायांना शाळा मिळाली नव्हती, त्यांची अडचण वेगळी होती, हे मान्य. पण लिहिता येत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, हे किती खोटं आहे, ते या ओव्या दाखवून देतात.

स्पर्धा घेणाऱ्या शाळेला मी चार गोष्टी कळवल्या आहेत. निर्णय त्यांचा. मावळ आणि लोणावळा-खंडाळ्यातल्या इतर शाळांनाही उपयोग व्हावा म्हणून इथे देतोय.

एक, बातमी लिहून द्या, मोबाइलवर बोलून द्या किंवा जोडीनं करा: एकानं सांगायचं, दुसऱ्यानं उतरवायचं. तिन्हींना गुण सारखे.

दोन, अक्षर आणि शुद्धलेखनाचे गुण काढून टाका. ते गुण प्रश्न विचारण्याला द्या. किती लोकांना भेटला, काय विचारलं, उलटं-सुलटं तपासलं का, ते बघा.

तीन, वर्गातल्या कुठल्याही मुलाचं नाव, तुकडी, फोटो बातमीत नको. स्पर्धा जिंकायच्या नादात एखाद्या पोराला शाळाभर 'तो डिस्लेक्सियावाला' करून ठेवलं, तर 'ढ' बरा होता म्हणायची वेळ येईल.

चार, प्रश्न मोठ्यांना विचारा. मुख्याध्यापकांना विचारा, या मुलांना ओळखायचं प्रशिक्षण किती शिक्षकांना मिळालंय. शिक्षण विभागाला विचारा, मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी मराठीत होते का. प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाच्या पालकांना, त्यांची तयारी असेल तरच, विचारा की किती खेपा घालाव्या लागल्या आणि किती दिवसांची मजुरी बुडाली. चिक्कीच्या दुकानात किंवा बंगल्यांवर रोजावर काम करणाऱ्या आईला तालुक्याबाहेरच्या दवाखान्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची कमाई. आठवी-नववीतली पोरं हे प्रश्न घेऊन फिरली, तर आम्हा मोठ्या पत्रकारांना न जमलेली बातमी ती आणतील. हे मी कौतुक म्हणून म्हणत नाही, खरंच म्हणतोय.

पालकांना एवढंच सांगेन. मूल वाचताना अडखळत असेल, तर 'लक्ष नाही' म्हणण्याआधी तोच धडा त्याला वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. उत्तरं बरोबर आली, तर पोरगं आळशी नाही, त्याची तपासणी करून घ्या. आणि पुढच्या पालकसभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा: कायद्यातलं ते दर पाच वर्षांचं सर्वेक्षण आपल्या शाळेत शेवटचं कधी झालं? जे उत्तर मिळेल ते मला कळवा. बातमी करतो.