कायद्याचा सल्ला वस्तीत कसा आला



मीरा-भाईंदरच्या वस्त्यांमध्ये आम्ही बचत गटांचं काम करतो. गटात नवीन बायका येत असतात. कुणी जालन्याकडची, कुणी नंदुरबारची, कुणी थेट उत्तर प्रदेशातली. मुकादमानं मजुरी बुडवलेली असते, नाहीतर घरात मारहाण असते. प्रश्न एकच, "वकिलाला पैसे कुठून आणू?" आम्ही सांगतो, बाई, तुझ्यासाठी वकील फुकट आहे. हा हक्क कसा मिळाला, ते आज सांगतो.

गोष्टीची सुरुवात आमच्या शेजारच्या दहिसरपासून करू. तामिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर दुष्काळामुळे 1961 साली मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत त्याला 23 रुपये रोजावर काम मिळालं. राहायला जागा नव्हती. महामार्गाच्या पदपथावर प्लास्टिकचं खोपट मिळावं म्हणून एका झोपडीदादानं त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले. 23 जुलै 1981 रोजी, भर पावसाळ्यात, पालिकेनं ते खोपट पाडलं आणि त्याला बायको-मुलींसह सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला. याच खटल्यात आपल्या संगमनेरचाही एक माणूस होता. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं आणि त्यानं मुंबई गाठली.

या लोकांचं गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयात गेलं. सोबत पत्रकार ओल्गा टेलिस होत्या, म्हणून तो खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड आणि इतर चार न्यायमूर्तींनी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं न्यायालयानं मान्य केलं. पण पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. हटवण्याआधी सहसा नोटीस द्यावी, माणसाचं म्हणणं ऐकावं आणि पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या पाडू नयेत, एवढं सांगितलं.

आता विचार करा. नोटीस मिळेल, पण ती वाचून सांगणार कोण? उत्तर लिहून देणार कोण? ज्याला इथली भाषा येत नाही, ज्याचं इथं कुणी नाही, त्याच्या हातात तो नुसता कागदच.

या प्रश्नावर काम आधीच सुरू झालं होतं. 1976 साली राज्यघटनेत 39-अ हे कलम आलं. पैशावाचून कुणाचा न्याय अडू नये, म्हणून सरकारनं मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं त्यात आहे. मग शीला बरसे या पत्रकार बाई मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या 15 महिला कैद्यांना भेटल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं. 1983 च्या निकालात पोलिसांना आदेश मिळाला, की कुणालाही अटक केली की जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवा. स्त्रियांच्या कोठडीवर महिला पोलीस असाव्यात, असंही त्यात होतं.

पुढं 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडलं. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. त्यात 'स्त्री' हा शब्द आहे आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. रेशन कार्ड गावचं आहे, इथं आठच दिवस झाले, तरी बाईचा हक्क जात नाही.

याच काळात आमचं शहर वाढत होतं. मिठागरं, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं होती तिथं 1985 साली नगरपरिषद झाली आणि 2002 साली महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत 5,20,388 माणसं होती. 2011 ला ती 8,09,378 झाली. इमारती बांधणारे, भाईंदरच्या कारखान्यांत स्टीलची भांडी घडवणारे, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे आले. पण न्यायालय ठाण्याला. तारखेला जायचं तर दिवसाचा रोज बुडणार. मीरा रोडला न्यायालय सुरू झालं ते 2025 मध्ये.

ही दरी भरायला 2009 पासून विधी स्वयंसेवकांची योजना आली. हे स्वयंसेवक वकील नसतात. आपल्यासारखीच माणसं, प्रशिक्षण घेतलेली. अर्ज लिहून देतात, सोबत पोलीस ठाण्यात येतात, वकिलापर्यंत पोचवतात. बचत गटातल्या बाईलाही हे काम करता येतं. आमच्या अनुभवात नवीन बाई कचेरीची पायरी एकटी चढत नाही. ओळखीची कुणी सोबत असली की चढते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावातून कुणी शहराकडे निघालं, तर गटाच्या बैठकीत चार गोष्टी नक्की सांगा. मुकादमाचं नाव, फोन आणि कामाचे दिवस वहीत लिहून ठेवायचे. कागदांच्या झेरॉक्स गावातही ठेवायच्या. मारहाण झाली तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, तात्पुरती का होईना, जिथं राहते तिथंच अर्ज करता येतो. त्यासाठी गावी परतायची गरज नाही. आणि मोफत सल्ल्यासाठी 15100 हा नंबर पाठ करायचा. गावात असाल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करा.

डब्यात भाकरी बांधून देतो, तशी ही माहितीही बांधून द्या. पुढचं इथं आम्ही बघतो.