श्रीशैलाची पायवाट

सोलापूर गिरण्यांनी वसविले, असे समजण्याची चाल पडून गेली आहे. आणि गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटे त्या पिढ्या अद्याप पुरत्या मावळलेल्या नसल्यामुळे ती समजूत स्वाभाविकही आहे. परंतु गिरण्यांची धुराडी उभी राहण्यापूर्वी सुमारे सातशे वर्षे, म्हणजे बाराव्या शतकात, त्याच जागी असलेल्या सोन्नलिगे नावाच्या एका सामान्य खेड्याला क्षेत्राची प्रतिष्ठा लाभली, आणि तिचे मूळ एका गुराखी मुलाने निष्कांचन अवस्थेत, पायी, परमुलखातील एका पर्वतापर्यंत केलेल्या प्रवासात आहे, हे तेथील शुक्रवार पेठेतील कोणत्याही जुन्या घरात विचारले तरी सांगणारे माणूस भेटेल. आशिया खंडातील डोंगरदऱ्यांतून पाठीवर पडशी टाकून अल्प खर्चात भटकण्याची जी आवड अलीकडे तरुण पिढीत बळावली आहे, तिच्याकडे परदेशातून आलेली नवलाई म्हणून पाहणाऱ्यांनी या एका पायवाटेचा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

कथा अशी आहे. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा मुलगा सिद्धराम रानात गुरे राखीत असता एक जंगम त्याच्यासमोर आला, त्याने आपले नाव मल्लय्या असे सांगितले, हुरडा मागून खाल्ला आणि मग पोटात दाह होऊ लागला म्हणून थंड दही आणावयास सांगितले. मुलगा घरी धावत जाऊन दही घेऊन परतला तो जंगम तेथे नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ असा आक्रोश करीत रानोमाळ फिरणाऱ्या त्या मुलाला श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंचा जथा भेटला. मल्लय्या तिकडे पर्वतावर राहतो, असे त्यांनी सांगितले, आणि तो जसा होता तसाच त्यांच्याबरोबर चालू लागला. पर्वतावर देवळातले मल्लिकार्जुनाचे लिंग दाखविले तरी त्याचे समाधान होईना. आपला हाडामांसाचा मल्लय्या हवा, म्हणून कड्यावरून दरीत उडी घालण्यास तो सिद्ध झाला, तेव्हा देवाने त्याला हात देऊन वर घेतले आणि परत गावी जाऊन तेथे दुसरे श्रीशैल उभारण्याची आज्ञा केली. राघवांक या कन्नड कवीने पुढे सिद्धरामाचे चरित्र काव्यरूपाने लिहिले, आणि सोलापुरात ही कथा कन्नड व मराठी या दोन्ही भाषांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली.

भाविक या कथेतील दर्शनाकडे पाहतात आणि ते योग्यच आहे. पण प्रवासाच्या इतिहासाची आस्था असणाऱ्याला तीतील तो यात्रेकरूंचा जथा अधिक बोलका वाटेल. मुलाजवळ द्रव्य नाही, शिधा नाही, घरच्यांचा निरोपही त्याने घेतलेला नाही, आणि तरीही जथ्यातील कोणी त्याला ‘तुझी सोय काय?’ असे विचारीत नाही. हुरड्याच्या दिवसांत गावाच्या शिवेवरून असे जथे जात असत आणि वाट चुकलेल्या मुलाला त्यात सामावून घेणे कोणालाही जड वाटत नसे, ही समाजस्थिती कथाकाराने गृहीतच धरलेली आहे. त्याच शतकात अक्कमहादेवी, राजवैभवाचा त्याग करून, कल्याणच्या शिवशरणांची भेट घेऊन, एकटी श्रीशैलाच्या कदलीवनाकडे चालत गेली. स्त्रीने एकटीने अरण्यप्रवास करणे आजही जेथे चर्चेचा विषय होतो, तेथे आठशे वर्षांपूर्वीच्या या तरुण कवयित्रीच्या पावलांचा मान किती मोठा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सोलापुराहून श्रीशैलाची वाट अक्कलकोटावरून आग्नेयेला उतरे. मग कलबुर्गी, भीमा-कृष्णेचा दुआब, रायचूर, तुंगभद्रा, कर्नूळ आणि आत्मकूर. एकूण मजल चारशे किलोमीटरांहून बरीच अधिक. सोलापूर १८१८ साली इंग्रजांच्या अंमलाखाली आल्यावर या वाटेवरील माणसाला, एकही समुद्र न ओलांडता, चार राजवटींतून जावे लागे: मुंबई इलाख्यातून निघावे, अक्कलकोटचे संस्थान ओलांडावे, निजामाच्या विस्तीर्ण मुलखातून आठवडाभर चालावे आणि तुंगभद्रेपलीकडे कर्नूळच्या नबाबाच्या, आणि १८३९ नंतर मद्रास इलाख्याच्या, हद्दीत शिरावे. निजामाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असे. तेथे गाठोडी सोडून दाखवावी लागत. कंपनी सरकारचा रुपया तो कलदार आणि निजामाचा तो हाली सिक्का. दोहोंचा भाव निराळा, आणि बट्ट्यात फसवणूक होण्याची धास्ती गरीब वाटसरूला अधिक. देवस्थानच्या दारीही सरकारी हात पसरलेला असे. कॉलिन मॅकेन्झी हा कंपनीचा अंमलदार १७९४ साली श्रीशैलावर जाऊन आला आणि त्याने देवळाचे व यात्रेचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. त्या काळी यात्रेकरूंकडून जमा होणारा वसूल कर्नूळच्या नबाबाच्या तिजोरीत जात असे. १८३९ साली नबाबी खालसा झाली. कंपनी सरकारने देवस्थानच्या कारभारातून पुढे अंग काढून घेतले आणि व्यवस्था पुष्पगिरीच्या मठाकडे सोपविली. १८७१ साली लोहमार्ग सोलापुराहून रायचूरपर्यंत पोचून मद्रासकडील मार्गाला मिळाला, तेव्हा ज्यांच्या कनवटीला तिकिटापुरते पैसे होते त्यांची अर्धी वाट वाचली. तरीही पायी जाणाऱ्यांची रीघ थांबली नाही, कारण नवस बहुधा चालण्याचाच केलेला असे.

हा प्रवास गरिबाच्या आवाक्यात कसा राहिला, याचे उत्तर प्रथम शेतात आणि मग चुलीपाशी शोधावे लागते. सोलापूर जिल्हा रब्बीच्या ज्वारीचा. पौषात हुरडा, माघ-फाल्गुनात काढणी आणि मळणी. आणि महाशिवरात्र व चैत्री पाडवा या श्रीशैलाच्या दोन मोठ्या यात्रा नेमक्या कणग्या भरल्यानंतर येतात. कुणब्याला रान मोकळे, घरात नवे धान्य आणि पावसाला अद्याप अवकाश, अशा फटीत ही वाट बसविलेली आहे. त्या धान्याची जी शिदोरी होई ती कडक भाकरी. कढत पाण्यात मळलेल्या ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत थापता थापता इतका पातळ करावयाचा की कडेची नक्षी खालच्या पितळेवर उमटल्यासारखी दिसावी; तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून उलटावयाची; मग मंद विस्तवावर कापडाच्या बोळ्याने दाबीत दाबीत तिच्यातील ओलीचा शेवटचा अंश काढून टाकावयाचा, आणि शेवटी चुलीच्या उबेला उभी करून ठेवावयाची. पुढे ती वाजू लागते. अशी भाकरी महिना महिना बुरसत नाही, वजनाला हलकी असते आणि फडक्यात नीट बांधली तर फुटतही नाही. जोडीला उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगदाण्यांची चटणी: लसूण, तिखट, मीठ, जिरे आणि भाजलेले दाणे, बस्स. वाटेत ताक मिळाले तर ताकात, आमटी मिळाली तर आमटीत, काहीच न मिळाले तर ओढ्याच्या पाण्यात भाकरी चुरून माणूस पुढच्या मुक्कामाला लागे. गिरिभ्रमणासाठी हल्ली दुकानातून हवाबंद खाद्याची पाकिटे मोठ्या किमतीला मिळतात; शुक्रवार पेठेतल्या आणि सभोवारच्या पेठांतल्या स्त्रियांनी तोच प्रश्न ज्वारी आणि विस्तव यांवर सोडविला होता, आणि याबद्दल त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात नोंदले गेले नाही, याचा मला विषाद वाटतो. अंथरूण-पांघरूण म्हणून धनगरी घोंगडी. ती पावसात छत्री, थंडीत रजई आणि दुपारी झाडाखाली चटई. सोलापुरी चादरीचे नाव झाल्यावर तरुणांच्या खांद्यावर तीही आली.

शिदोरीच्या जोडीला दुसरा आधार दासोहाचा. आल्यागेल्याला अन्न घालणे हा वीरशैव परंपरेत दानाचा नव्हे तर सेवेचा भाग मानलेला आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, ही भावना तेथे वर्ज्य. त्यामुळे वाटेवरील गावे जथ्यांची वाट पाहत. देवळाच्या ओवरीत किंवा मठाच्या अंगणात मांडव पडे, मोठ्या हंड्यांतून भात-सार शिजे, पाय सुजलेल्यांना कढत पाणी आणि तेल मिळे. आजही पाडव्याच्या आधी रायचूर-कर्नूळच्या बाजूने जाणाऱ्यास रस्त्याकडेला असे मांडव दिसतात. जथ्यातील कोणी सजविलेली कंबी, म्हणजे कावड, खांद्यावर वाहतो, कोणी अनवाणी चालतो, कोणी पायांना उंच लाकडी काठ्या बांधून तोल सावरीत जातो. तेलुगू मुलखातील लोक या सर्वांना कन्नड भक्त म्हणून ओळखतात, आणि त्यांत मराठी बोलणारा सोलापूरकरही मिसळून गेलेला असतो.

आत्मकूर सुटले म्हणजे नल्लमलाचे अरण्य लागते आणि खरी चढण तेथून आहे. नागलुटीचे वीरभद्राचे पुरातन देऊळ, पेद्दचेरुवूचे तळे, मग भीमुनी कोलनूची खोल दरी. पायऱ्या उतरून दरीत जावयाचे आणि लगेच तितक्याच चढून कैलासद्वाराशी यावयाचे, हे अंतर कमी असले तरी चैत्राच्या उन्हात ते धट्ट्याकट्ट्याचाही दम काढते. डोंगरावरील पायऱ्यांचे श्रेय चौदाव्या शतकातील प्रोलय वेमा रेड्डी या राजाकडे दिले जाते. पाणी ठराविक जागी, सावली विरळ, दगड तापलेले. रानात चेंचू लोकांची वस्ती, जे मल्लय्याला आपला जावई मानतात आणि त्या नात्याने यात्रेकरूंना वाट दाखवीत आले. हे सारे रान आता नागार्जुनसागर-श्रीशैल व्याघ्र प्रकल्पात मोडते, आणि वनखाते यात्रेच्या ठराविक दिवसांपुरतीच ही पायवाट खुली करते.

या पर्वताचा एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. येथे जीव ओवाळून टाकावयास आलेल्या माणसाला तो कामाला परत पाठवितो. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज श्रीशैलावर आले; कृष्णेच्या पात्रातील स्नान आणि मल्लिकार्जुनाचे दर्शन यांनी त्यांचे चित्त इतके विरक्त झाले की येथेच शिरकमल अर्पण करावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि देवीने त्यांना पुढील कर्तव्याची जाणीव देऊन परावृत्त केले, असा वृत्तांत बखरीत आला आहे. देवळाच्या उत्तरेकडील गोपुराचे बांधकाम महाराजांच्या नावे सांगितले जाते. सिद्धरामाची कथा आणि महाराजांची कथा यांत पाच शतकांचे अंतर आहे, पण पर्वत तोच आणि आज्ञाही तीच.

परत आलेल्या सिद्धरामाने काय केले, ते सोलापूरकराच्या नित्य डोळ्यांसमोर आहे. त्याने तळे खणविले. ज्या मुलखात दर काही वर्षांनी अवर्षण ठरलेले, तेथे पर्वतावरून आलेल्या भक्ताने आधी पाण्याची तजवीज करावी, यातील विवेक मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठा वाटतो. नंतर गावाभोवती त्याने अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. आजही संक्रांतीच्या यात्रेत पहिल्या दिवशी सात नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. उंच, जड, तोल सांभाळण्यास कठीण असे ते ध्वज कंबरेच्या पट्ट्यात रोवून वाहणारे तरुण महिनोन्‌महिने सराव करतात. म्हातारे, आजारी, कामावरून रजा न मिळणारे, लेकुरवाळ्या बाया, ज्यांना पर्वत कधीच घडणार नाही, त्यांना पर्वताची वाट आपल्याच गावच्या गल्ल्यांतून चालता यावी, अशी ही योजना आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या परदेशी नवलाईकडे आता वळू. युरोपातील तरुण १९६० नंतर इस्तंबूलपासून तेहरान, काबूलमार्गे काठमांडूपर्यंत स्वस्तात येऊ लागले. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७२ साली असा प्रवास करून पुढल्याच वर्षी अल्प खर्चात आशिया कसा ओलांडावा याची पुस्तिका काढली, आणि तीतून प्रवासपुस्तकांचा एक जगड्‌व्याळ व्यवसाय उभा राहिला. १९७९ मधील इराणच्या आणि अफगाणिस्तानच्या उलथापालथीने तो मार्ग बंद पडला. त्या तरुणांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. परंतु त्याच १९७२ साली सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाने माणसे खडी फोडीत होती, हेही स्मरते. साधेपणा स्वेच्छेने पत्करणारा प्रवासी आणि ज्याला दुसरी गतीच नाही असा प्रवासी, हे दोघे एकाच वाटेवर भेटावेत अशी सोय त्या आंतरराष्ट्रीय मार्गावर नव्हती. श्रीशैलाच्या वाटेवर ती होती: सावकार आणि हमाल एकाच पंगतीला बसत, आणि घोंगडी दोघांनाही पसरावी लागे.

श्रीशैलाजवळ कृष्णेवर झालेल्या धरणाच्या कामापाठोपाठ पक्के रस्ते झाले, आता बस थेट देवळापाशी नेऊन सोडते, आणि शुक्रवार पेठेतून जाणारी बहुतेक मंडळी रात्रीच्या गाडीने जाऊन तिसऱ्या दिवशी परततात. चालणारे अजून आहेत. मात्र कोणत्या गावी कोणाच्या वाड्यात मुक्काम, कोणत्या ओढ्याला फाल्गुनातही पाणी, कोणत्या नदीला कोठे उतार, हा तपशील ज्यांच्या मुखी आहे ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्यांचे मुक्काम दफ्तरांतून कसोशीने शोधणाऱ्या आमच्या अभ्यासकांनी यांच्याही मुक्कामांची यादी, ते बोलते आहेत तोवर, कन्नड-मराठीत जशीच्या तशी टिपून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कामाला सुरुवात करण्यास येता पाडवाही दूर आहे. ती या आठवड्यात, पेठेतल्या पेठेतच करता येईल.